भजनी मंडळ, गोंधळी, तमाशाचा फड आणि ढोल-ताशा पथक: यांच्या संचात कोण कोण असतं? आम्हाला सोसायटीत यातलं काही सुरू करता येईल का?

मी आमच्या गावच्या भजनी मंडळात टाळ धरतो, म्हणून आधी तिथलंच सांगतो. वारकरी भजनात वीणेकरी, पखवाजी आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर टाळकरी. वीणा फक्त आधारसूर देते, तरी मान तिचाच पहिला. हरिनाम सप्ताहात, म्हणजे सात दिवसांच्या अखंड भजनात, ती खाली ठेवत नाहीत. पहारे लावून गळ्यात घेतात. पखवाजी डाव्या तोंडावर ओली कणीक लावतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो, हवा तसा घुमारा येईपर्यंत. एकाने चाल म्हटली की ध्रुपद, म्हणजे पालुपद, सगळ्यांनी उचलायचं. नुसता ऐकणारा असा इथे कुणी नसतोच, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

गोंधळ्यांचा संच लहान असतो: संबळ (काठ्यांनी वाजवायची वाद्यांची जोडी), तुणतुणं, झांज आणि जळती दिवटी. मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि जोडीदार त्याला मधेमधे प्रश्न विचारून कथा पुढे नेतो.

ढोलकी फडाच्या तमाशात मात्र कामं काटेकोर वाटलेली. सुरुवातीला ढोलकी आणि हलगीची (डफासारख्या चपट्या वाद्याची) चढाओढ रंगते. हलगी त्याआधी शेकून कडक केलेली असते. मागे तुणतुणं आणि झांज घेऊन झीलकरी उभे. गाणाऱ्याने ओळ सोडली की तिचा शेवट ते उंच सुरात धरून ठेवतात, म्हणून त्याला दम घ्यायला सवड मिळते. झीलकऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण ते कच्चे असले तर गण-गवळणीतच, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या भागातच, फड पडतो. संगीत बारी वेगळी. तिथे पेटी, तबला, ढोलकी असते, भर लावणीच्या गायनावर आणि अदाकारीवर असतो, वग, म्हणजे नाट्याचा भाग, नसतो.

पथकात गाणं नाही. ढोल कितीही असोत, चाल बदलायचा इशारा ताशाच देतो, आणि टोल (ठोकून वाजवायची धातूची थाळी) लय सांभाळतो.

तुमच्यासाठी मी भजनच सुचवेन. ढोलांना सरावाची मोकळी जागा लागते, ती सोसायटीत मिळणं कठीण. भजनाला एक पेटीवाला, एक पखवाजी किंवा तबलजी आणि दहा-बारा टाळ पुरतात. पखवाजी आधी शोधा. टाळ धरायला माणसं आपोआप येतात.