वडावरची वाघळं हाकलायची का?

प्रश्न : आमच्या वाडीशेजारच्या वडावर वर्षानुवर्षं मोठी वाघळं लटकतात. चिकू खातात, खाली घाण करतात, आणि आता लोक म्हणतायत निपाहचा आजार येईल, फटाके लावून हाकला. काय करावं? – एक वाचक, डहाणू तालुका

उत्तर : दादा, फटाके अजिबात नको. ही आपल्याकडची सगळ्यात मोठी वटवाघळं, पंख पसरले की चार-पाच फूट भरतात, आणि खातात मुख्यतः फळं, फुलं नि फुलातला मध. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, ते सुरुवातीला आईच्या छातीला चिकटूनच असतं, थवा घाबरून एकदम उठला की नेमकी अशीच पिल्लं खाली पडतात.

सकाळी झाडाखाली बघा, चोथ्याच्या चपट्या गोळ्या दिसतील. फळ टाळूवर दाबून रस गिळायचा नि चोथा थुंकायचा ही यांची पद्धत, पण वड-उंबराचं बारीक बी पोटात जातं आणि उडता उडता विष्ठेतून लांब कुठेतरी पडतं. मोहाच्या फुलांवर येतात तेव्हा तोंडाला लागलेले पराग या झाडावरून त्या झाडावर जातात, म्हणून तर मोहाला फळ धरतं. तुमच्या भागात मोहाचं काय मोल आहे ते मी सांगायला नको.

निपाहची भीती खोटी नाही. २०१८ला केरळात कोझिकोडकडे निपाहने माणसं दगावली, विषाणू याच जातीच्या वाघळांत सापडलाय आणि तो लाळेतून, मुतातून बाहेर पडतो. पण नुसती झाडावर लटकलीत म्हणून आजार होत नाही, उष्टं फळ खाल्लं किंवा झाडाला टांगलेल्या उघड्या मडक्यातला कच्चा रस प्यायला तर धोका असतो. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस पिऊन कितीदा तरी लागण झालीये, त्यामुळे तिथे मडक्याभोवती बांबूची झापं बांधायला सांगतात. तुमच्याकडे ताडी काढतात ना, मग मडकी झाकाच, आणि कुरतडलेले चिकू पोरांना उचलू देऊ नका, पुरून टाका.

चिकूला जाळी लावायची तर करंगळीही आत जाणार नाही अशी बारीक आणि ताणून बांधा, सैल जाळीत पंख अडकून वाघूळ तडफडून मरतं. आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात कावळे-उंदरांबरोबर यांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं, ती यादी २०२२च्या दुरुस्तीत काढून टाकलीये, हे गावात नक्की सांगा. पिल्लू पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने धरू नका, वनखात्याला १९२६ वर फोन करा.