टायसन आत, मार्गारिटो बाहेर

प्रश्न: बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेलेल्या आणि भर रिंगमध्ये समोरच्याचा कान चावणाऱ्या माइक टायसनला बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, हे योग्य झालं का? की तिथे कोणीही चालतं?

उत्तर:

टायसनला घेतलं ते योग्यच झालं. ‘कोणीही चालतं का’ याचं उत्तर मात्र ‘नाही’ असायला हवं, आणि तिथे माझी तक्रार टायसनबद्दल नाही, दुसऱ्याच मंडळींबद्दल आहे. त्यांच्याकडे येतोच.

आधी थोडं त्या संस्थेबद्दल. न्यूयॉर्क राज्यात कॅनास्टोटा नावाचं छोटं गाव आहे, जुना जगज्जेता कार्मेन बॅसिलियो तिथला. 1989 मध्ये तिथे हे दालन सुरू झालं आणि 1990 मध्ये मानकऱ्यांची पहिली तुकडी आत गेली. मतं देतात ती अमेरिकेतले बॉक्सिंग पत्रकार आणि देशोदेशीचे बॉक्सिंग इतिहासकार. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या नियमांत खेळाडूचं चारित्र्य आणि सचोटीही पाहावी असं चक्क लिहिलेलं आहे. बॉक्सिंगवाल्यांनी चारित्र्याचा किती विचार केला, ते पहिल्याच तुकडीत दिसतं. तिच्यात अर्जेंटिनाचा कार्लोस मोन्झोन होता. 1970 ते 1977 मिडलवेट या मधल्या वजनगटाचा जगज्जेता, चौदा वेळा किताब राखला आणि जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. 1988 मध्ये त्याने आपल्या मुलाच्या आईचा खून केला आणि पुढच्या वर्षी त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली. कॅनास्टोटात त्याचं नाव लागलं तेव्हा तो गजाआड होता! लढती भरवणारा प्रवर्तक डॉन किंग 1997 मध्ये आत गेला. क्लीव्हलँडमध्ये एका माणसाला मारहाण करून ठार केल्याबद्दल त्यानेही जवळपास चार वर्षं तुरुंगात काढली होती.

पण ‘मोन्झोन चालतो तर टायसन का नको’ हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. एकाला चुकून घेतलं म्हणून दुसऱ्याचा हक्क तयार होत नाही. टायसनची बाजू स्वतःच्या पायांवर उभी राहायला हवी, आणि ती राहते.

22 नोव्हेंबर 1986 रोजी त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत झोपवलं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्याच्याइतका लहान हेवीवेट (सर्वांत जड वजनगटाचा) जगज्जेता त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. पुढच्या ऑगस्टपर्यंत डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या बॉक्सिंग संघटनांचे जगज्जेतेपदाचे तिन्ही पट्टे त्याच्या कमरेला आले. हेवीवेटमध्ये तिन्ही एका वेळी मिळवणारा तो पहिला. लॅरी होम्स आयुष्यात 75 लढती लढला, त्यांत लढत मध्येच थांबवून त्याला हरवणारा एकटा टायसन. मायकेल स्पिंक्स तोवर एकही लढत हरला नव्हता. जून 1988 मध्ये अटलांटिक सिटीत टायसनने त्याला 91 सेकंदांत संपवलं आणि स्पिंक्स पुन्हा कधी रिंगमध्ये उतरलाच नाही. त्या काळातल्या लढती आज पाहा. डोकं हलवत आत शिरणं, बरगड्यांवर उजवा ठोसा आणि लगेच त्याच हाताने हनुवटीखाली अपरकट; इतका वेग त्या वजनात क्वचितच कोणाकडे होता.

उणी बाजूही आहे, आणि खरं तर खेळाच्या अंगाने वाद घालायचा तर तो इथे घालावा. टोकियोत बस्टर डग्लसने त्याला लोळवलं तेव्हा डग्लसवर सट्टेबाजांचा भाव 42 ला 1 होता. होलीफील्डने दोनदा हरवलं, लेनॉक्स लुईसने मेम्फिसमध्ये आठव्या फेरीत बाद केलं. एकदा खाली पडल्यावर उठून जिंकलेली त्याची एकही मोठी लढत नाही. त्याला पहिल्या पाच हेवीवेटमध्ये बसवणाऱ्यांशी मी भांडेन. पण दालनात जागा मिळायला पहिल्या पाचात असावं लागत नाही.

आता कान. 28 जून 1997, लास वेगास, तिसरी फेरी. त्याने होलीफील्डचा एकदा नाही, दोनदा चावा घेतला आणि एका कानाचा तुकडाच पाडला. किळसवाणा प्रकार होता. पण त्यानंतर काय झालं ते पाहा: पंचांनी त्याला बाद ठरवलं, नेवाडाच्या आयोगाने 30 लाख डॉलर दंड केला, परवाना काढून घेतला. त्या लढतीसमोर त्याच्या नावावर पराभवच लिहिलेला आहे. गुन्हा हजारोंच्या डोळ्यांदेखत झाला आणि निकालात उतरला. त्याच्या आकड्यांत खोटं काही शिरलं नाही.

बलात्काराचं प्रकरण याहून कितीतरी गंभीर, आणि मला ते ‘खासगी आयुष्य’ म्हणून झटकायचं नाही. फेब्रुवारी 1992 मध्ये इंडियानापोलिसच्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं, अपीलही फेटाळलं गेलं, तीन वर्षं तो आत होता. तो आजही गुन्हा नाकारतो. निकाल मात्र कायम आहे. 2011 मध्ये हुलिओ सेझार चावेझ आणि कोस्त्या त्झ्यू यांच्यासोबत त्याचा सन्मान झाला, तेव्हा टाळ्या वाजवण्यात ज्यांना अडचण वाटली त्यांचं मी चुकीचं म्हणणार नाही. माझं म्हणणं इतकंच, की दालनातली जागा म्हणजे चांगुलपणाचं प्रमाणपत्र असं आपण धरून चालतो, ते सोडावं. या माणसाने रिंगमध्ये काय केलं याची ती नोंद आहे. मोन्झोन आणि टायसन यांच्या नावाखाली शिक्षेचं वर्षही लिहावं, मला आवडेल. नोंद म्हणायची तर पुरती ठेवा.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे: रिंगमधल्या निकालांवर विश्वास ठेवता येतो का? या कसोटीवर टायसन सहज पास होतो आणि काही लाडके लोक अडकतात.

जेक लामोटा बघा. नोव्हेंबर 1947 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो बिली फॉक्सकडून मुद्दाम हरला. 1960 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्याने स्वतःच तसं सांगितलं: किताबाची संधी हवी होती, माफियाने किंमत मागितली, त्याने मोजली. तोही पहिल्या तुकडीतला. शुगर रे रॉबिन्सनला पहिल्यांदा हरवणारा हाच माणूस होता हे आठवलं की मी विरघळतो, पण त्याच्या नावावर माझा हात टायसनपेक्षा जास्त अडखळेल.

शेन मोझलीचंही तसंच. 2003 मध्ये ऑस्कर दे ला होयावर मिळवलेल्या विजयाआधी त्याने बाल्को या खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेची बंदी असलेली औषधं घेतली होती. ती काय आहेत हे माहीत नव्हतं, असं तो म्हणतो. अशा वेळी मी तो विजय सरळ वजा करतो आणि उरतं काय ते बघतो. मोझलीच्या बाबतीत बरंच उरतं: लाइटवेट या हलक्या वजनगटातली सगळी राजवट आणि 2000 मधला दे ला होयावरचा पहिला विजय.

हीच वजाबाकी वेल्टरवेट बॉक्सर अँटोनियो मार्गारिटोची करा. जानेवारी 2009, लॉस एंजलिस. समोर मोझलीच होता, हाही योगायोग गमतीचा. लढतीआधी मोझलीचा प्रशिक्षक नाझीम रिचर्डसन मार्गारिटोच्या हाताला ग्लोव्ह्जखालच्या पट्ट्या बांधताना बघत उभा होता. आतली गादी त्याला कडक लागली, त्याने हरकत घेतली, पट्ट्या सोडवल्या. तपासणीत प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये असतात ती द्रव्यं सापडली. नव्या पट्ट्या बांधून उतरलेला मार्गारिटो नवव्या फेरीत संपला. कॅलिफोर्नियाने त्याचा आणि त्याच्या प्रशिक्षकाचा परवाना काढून घेतला. आपल्याला काहीच माहीत नव्हतं, असं तो म्हणाला.

कडक पट्ट्यांनी काय होतं ते बॉक्सिंगला 1983 पासून माहीत आहे. त्या वर्षीच्या एका लढतीत लुईस रेस्टो या बॉक्सरच्या ग्लोव्ह्जमधला भराव काढून टाकलेला होता, आणि पट्ट्याही प्लास्टरने कडक केल्या होत्या हे त्याने खूप वर्षांनी कबूल केलं. समोरचा बिली कॉलिन्स एकविशीतला, तोवर अजिंक्य. त्याची नजर कायमची अधू झाली, बॉक्सिंग तिथेच संपलं.

मार्गारिटोचा सर्वांत मोठा विजय जुलै 2008 चा, अजिंक्य मिगेल कोट्टोवर, अकराव्या फेरीत. त्या रात्री पट्ट्यांत काय होतं याचा पुरावा नाही, म्हणून निकाल तसाच उभा आहे. पण सहाच महिन्यांनी जे सापडलं, त्यानंतर कोट्टोचा सुजलेला, रक्ताळलेला चेहरा पाहून मला मार्गारिटोच्या ताकदीचं कौतुक करता येत नाही. तो विजय बाजूला ठेवला की उरतात केर्मिट सिंट्रॉनवरचे दोन आणि जोशुआ क्लॉटीवरचा एक. तेवढ्यावर त्याला माझं मत नाही.