बस, बारा क्रेडिटं आणि क्रीडा संचालक

प्रश्न : नाशिकमध्ये एम.पी.एड. केलं, आठ वर्षं कॉलेजचा खो-खो संघ सांभाळतोय. बायकोची कंपनी तिला टेक्सासला पाठवतेय. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, क्रीडा संचालक होता येईल का?

येईल, पण थेट नाही. आधी व्हिसा बघा. बायको एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, जात असेल तर तुम्हाला जोडीदाराच्या एल-२ वर नोकरी करता येते. ती एच-१बी वर असेल तर तुम्हाला एच-४ मिळतो, आणि त्यावर ती मुभा सगळ्यांना नसते. मग पदवीचं मूल्यांकन 'नेसेस'च्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांची संघटना) सदस्य संस्थेकडून करून घ्या.

तिकडे नेट-सेटसारखी एकच चाळणी नाही. मास्टर्स आणि अनुभव बघतात. खो-खो कुणाला ठाऊक नसेल, म्हणून बायोडेटात तेच पुढे करू नका. झोनल स्पर्धांचे एलिजिबिलिटी फॉर्म, टीए-डीए, मैदान आखणं, रात्री अकराला मुलांना घरी पोहोचवणं, हे लिहा. या दोन वर्षांच्या कॉलेजांत संचालकाचं निम्मं काम हेच असतं. 'एनजेसीएए' ही दोन वर्षांच्या कॉलेजांची राष्ट्रीय क्रीडा संघटना. तिच्या कॉलेजात खेळाडूनं हंगामात किमान बारा क्रेडिटांचे विषय घेतलेले असावे लागतात. कुणी गुपचूप एक विषय सोडला आणि आकडा अकरावर आला की तो अपात्र, आणि तरी खेळवलात तर जिंकलेले सामनेही हातचे जातात. हे पकडणारा माणूस प्रत्येक कॉलेजला हवा असतो. सुरुवात बहुधा अर्धवेळ सहायक प्रशिक्षक म्हणून होईल. घ्या ती.

प्रश्न : आम्ही सॅन होजेला राहतो. मुलगी सॉफ्टबॉल खेळते, पुढे क्रीडा व्यवस्थापनात जायचं म्हणते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मागे पडणं नाही ना?

नाही. बेसबॉलचा महान खेळाडू जॅकी रॉबिन्सन 'यूसीएलए' या मोठ्या विद्यापीठात जाण्याआधी पॅसाडीना ज्युनियर कॉलेजात, म्हणजे अशाच दोन वर्षांच्या कॉलेजात, खेळला. 'एनजेसीएए'चा जन्मही तुमच्याच राज्यातला: ट्रॅकच्या राष्ट्रीय स्पर्धेत घ्या, ही दोन वर्षांच्या तेरा कॉलेजांची विनंती 'एनसीएए'नं, म्हणजे मोठ्या कॉलेजांच्या संघटनेनं, फेटाळली, तेव्हा १९३८ मध्ये फ्रेझ्नोला त्यांनी आपली संघटना उभी केली. गंमत म्हणजे आज कॅलिफोर्नियाची कॉलेजं तिच्यात नाहीत. त्यांची संघटना वेगळी आहे आणि तिच्या कॉलेजांत क्रीडा शिष्यवृत्ती मिळत नाही. तेव्हा त्या आशेवर राहू नका.

मुलीला पहिल्याच सत्रात क्रीडा कार्यालयात काम मागायला सांगा. स्कोअर टेबलवर बसू दे, आकडेवारी भरू दे. मोठ्या विद्यापीठात तिच्या हाती एकच कोपरा आला असता. इथे चार माणसांत सगळं चालतं, त्यामुळे सगळंच दिसतं.

प्रश्न : इलिनॉयमध्ये सहायक संचालक आहे. प्रवेश वाढावेत म्हणून वरिष्ठांना मुलांची कुस्ती सुरू करायची आहे. मुलींचे संघ आधीच कमी. मी बोलू का?

बोलाच. वरिष्ठांचं गणित चुकीचं नाही, प्रत्येक पैलवान फी भरतो. पण शिक्षणात मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा १९७२ चा 'टायटल नाइन' कायदा आहे. कॉलेजनं तीनपैकी एक सिद्ध करावं लागतं: खेळाडूंमध्ये मुलींचं प्रमाण त्यांच्या पटाइतकं आहे, किंवा मुलींचे खेळ सातत्यानं वाढवत आणलेत, किंवा त्यांची मागणी पूर्ण भागवली आहे. पटावर ५६ टक्के मुली आणि संघांत ३५ टक्के असतील, तर मुलांची कुस्ती ही दरी आणखी वाढवेल. हे आकडे दरवर्षी सरकारला द्यावे लागतात, ते कुणीही वाचू शकतं.

बस, लॉकर रूम, सरावाच्या वेळाही मोजा. माझ्या पहिल्या नोकरीत मुलं एसी बसनं जायची आणि मुली व्हॅनमध्ये कोंबून, तेही एकाच गावाला, एकाच दिवशी. मी दोन वर्षं गप्प बसले. तुम्ही एका पानाचं टिपण करा आणि आधी वरिष्ठांनाच द्या, अध्यक्षांना नाही. मुलींची कुस्तीही सोबत सुरू करू, असं सुचवा.

प्रश्न : पगार किती?

सरकारी कॉलेजांच्या वेतनश्रेण्या बहुधा त्यांच्याच संकेतस्थळावर असतात, तिथे बघा. फक्त विचारून घ्या, त्या पगारात शिकवण्याचे तास धरलेत का. पुष्कळदा धरलेले असतात.