नवऱ्याचा धंदा बुडून दिवाळं निघालं, तर त्याच्या आयुर्विम्यावर घेणेकरी जप्ती आणू शकतात का?

सहसा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कर्जदाराच्या स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे जप्त होत नाहीत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनेही अशी पॉलिसी वगळली आहे. २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना ही संहिता लागू आहे. पण पॉलिसी मोकळी हवी. कर्जापोटी बँकेच्या नावे असाइन केली असेल, तर पैशावर पहिला हक्क बँकेचा. नवी पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्मसोबतच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याची पुरवणी भरून घ्या, एजंट विसरला तरी आठवण करून द्या. मग ती रक्कम बायकोमुलांसाठी न्यास ठरते, नवऱ्याच्या देण्यात धरली जात नाही. मात्र घेणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने पॉलिसी घेतली असेल, तर ते तिच्या रकमेतून आपलं येणं वसूल करू शकतात.