16व्या मजल्यावरचं पोरींचं बिऱ्हाड

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलीला पुण्यात शिवाजीनगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही, आणि ती व तिच्या तीन मैत्रिणी बालेवाडीकडे 22 मजली इमारतीत 16व्या मजल्यावर टू बीएचके घ्यायचा म्हणतायत. "एवढ्या उंचावर पोरी एकट्या, ठीक आहे का?" वर एकाने "बिनधास्त घ्या, व्ह्यू भारी असतो" लिहिलंय आणि दुसऱ्याने "पेठेत कॉट बघा, आम्ही तसेच शिकलो." मी दोन्ही केलंय. पहिलं वर्ष सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन) काढलं आणि 2015 ते 2018 अशी तीन वर्षं 17व्या मजल्यावर चौघींनी काढली. आता धाकटा भाऊ तसल्याच एका इमारतीत राहतो, त्यामुळे माहिती अगदीच शिळी नाही.

उंचीची काळजी सोडा. ती आठ दिवसांत अंगवळणी पडते. मला उंचीचा त्रास कधी झाला नाही, त्रास झाला तो खाली उतरायचा कंटाळा येण्याचा. हे ऐकायला फुसकं वाटेल, पण तीन वर्षांचा हिशेब मांडला तर आमचे पैसे, तब्येत आणि थोडाफार अभ्याससुद्धा त्या कंटाळ्यात गेला.

पेठेत रात्री साडेनऊला भूक लागली की चपला घालून खाली जायचं, कोपऱ्यावर पोहे किंवा भुर्जी खायची, येताना वाण्याकडून दूध घ्यायचं. दहा मिनिटं, चाळीस रुपये, आणि चार ओळखीचे चेहरे. 17व्या मजल्यावर तेच करायचं म्हणजे कपडे बदला, लिफ्टची वाट बघा, लॉबी, पार्किंग, गेट, आणि गेटबाहेर सर्व्हिस रोड. दुकान असतं, पण ते "खाली" नसतं, "तिकडे" असतं. मग मोबाईलवरून मागवायचं. एक मॅगीचं पाकीट मागवायला लाज वाटते म्हणून त्याबरोबर चिप्स, कोल्ड्रिंक, आईस्क्रीम. महिन्याच्या शेवटी आम्ही चौघींनी एकदा बेरीज केली होती आणि ती बघून कुणी कुणाशी बोललं नाही. म्हणून भाड्याची तुलना करताना हा खर्च त्यात धरा. मेसचा डबा लावणार असाल तर डबेवाला वर दारापर्यंत येतो की गेटवर ठेवून जातो, हेही आधी विचारा. आमचा गेटवर ठेवायचा, आणि पहिल्या पावसाळ्यात निम्म्या वेळा तो तिथेच राहिला.

आता चांगलं काय, तेही सांगते, कारण चांगलं बरंच आहे.

उजेड आणि वारा. पेठेतल्या खोलीत दिवसा ट्यूबलाईट लागायची, इथे सकाळी सातला पडदा ओढावा लागतो. डास जवळजवळ नाहीत. रस्त्याचा धुरळा कमी. परीक्षेच्या दिवसांत शांतता अशी मिळते की गणपतीतसुद्धा ढोल-ताशाचा सराव लांबून, सहन होईल इतकाच ऐकू येतो. गेटवर नोंद होते, वॉचमन असतो, कॅमेरे असतात, कुणी आलं तर ॲपवर विचारणा होते. मुलींच्या बाबतीत याचा फायदा खरा आहे, तुमच्यासारख्या आईवडिलांना रात्री झोप लागते. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती सुरक्षितता गेटच्या आतली आहे. बसस्टॉप ते गेट हा जो पट्टा असतो, हायवेच्या कडेचा, तो रात्री आठनंतर स्वतः चालून बघा. इमारत दाखवायला एजंट गाडीतून नेतो, त्यामुळे तो पट्टा कुणाच्या लक्षातच येत नाही.

शेजाराविषयी लोक म्हणतात की टॉवरमध्ये कुणी कुणाला ओळखत नाही. निम्मं खरं. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट होते, तीन वर्षांत दोन दारं मी उघडी पाहिली नाहीत. पण जुलैत एकदा बाल्कनीतून माझा टॉवेल उडाला आणि 11व्या मजल्यावरच्या एसीच्या युनिटवर जाऊन बसला. तिथे उंचावर वारा पश्चिमेकडून असा येतो की चार-चार चिमटे लावले तरी कपडे राहत नाहीत. मी खाली जाऊन बेल वाजवली. दार उघडणाऱ्या काकूंनी आधी "तुम्हीच का त्या 17व्या मजल्यावरच्या पोरी, रात्री खुर्च्या ओढणाऱ्या?" असं विचारलं. म्हटलं काकू, आम्ही सहा मजले वर आहोत, खुर्च्या आमच्या कशा ऐकू येतील? त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात तुमच्याच आहेत." मग झाडूच्या काठीने टॉवेल काढला, चहा केला. पुढे माझ्या ताप आलेल्या आठवड्यात मऊ भात त्यांच्याकडूनच यायचा. सांगायचं काय, इमारतीत "विद्यार्थी" म्हणून तुमच्या मुलीचं नाव आधीच पडलेलं असणार. कुठेही आवाज झाला, लिफ्टमध्ये कचरा सांडला, की बोट त्यांच्याकडे. पहिल्याच आठवड्यात वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी जाऊन तोंड दाखवून यायला सांगा. पेढे नेले तर उत्तमच, साताऱ्याकडचे असाल तर आणखीच चांगलं.

पाण्याकडे या. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार बहुतेकदा गुरुवार असतो. पेठेत पाणी गेलं की पिंप भरून ठेवायचं, संपलं. टॉवरमध्ये पाणी खालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग तुमच्या नळाला. यातलं काहीही एक बिघडलं की 16वा मजला कोरडा. बाणेर-बालेवाडीच्या कित्येक सोसायट्या वर्षातले बरेच महिने टँकरवर असतात आणि टँकर उशिरा आला की सकाळी आठला बादली घेऊन बसावं लागतं. वाकड, पिंपळे सौदागर बघत असाल तर तो भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतो, तिथे नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी आहे. एक गंमत अशी की अगदी वरच्या एक-दोन मजल्यांना टाकी डोक्यावर असूनही नळाला जोर नसतो, कारण पाण्याला पडायला उंचीच मिळत नाही. 22 मजल्यांत 16वा त्या दृष्टीने बरा. फ्लॅट बघायला जाल तेव्हा शॉवर, सिंक आणि ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा नळ एकदम सोडून बघा.

लिफ्ट. आमच्याकडे तीन होत्या आणि 22 मजल्यांचे मिळून 88 फ्लॅट. एक नेहमी दुरुस्तीला, एकीत कुणाचं तरी सामान चढत असायचं. सकाळी साडेआठ ते साडेनऊ शाळेची पोरं, ऑफिसवाले, कामवाल्या मावश्या, दूधवाले सगळे एकाच वेळी. माझी पहिली तासिका त्या लिफ्टने किती वेळा बुडवली याचा हिशेब नाही. लाईट गेली की जनरेटर लिफ्टला असतो, पण किती लिफ्टना, आणि डिझेल किती तास पुरतं, हे विचारायचं सुचत नाही. रूममेटचा पाय मुरगळला होता तेव्हा एका दुपारी दोन तास सगळ्या लिफ्ट बंद होत्या. आम्ही तिला 9व्या मजल्यापर्यंत आणलं, जिन्यात बसवलं, आणि तिथेच तिने दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनची फाईल पूर्ण केली.

त्याच दुपारी मी पहिल्यांदा जिना नीट बघितला. 12व्या मजल्यावर सायकली, 10व्यावर चपलांचं कपाट आणि जुना माठ, कुठे फायर डोअरला वीट लावून ते उघडं ठेवलेलं. दरवाजा आपोआप मिटावा म्हणून असतो, धूर जिन्यात शिरू नये म्हणून, आणि आपण त्याला वीट लावतो. एकदा रात्री अलार्म वाजला (कुणाच्या तरी घरी दूध करपलं होतं) तर एकही माणूस खाली उतरला नाही. सगळे दारातून डोकं काढून ग्रुपवर विचारत होते, "आपल्याकडेच वाजतोय का?" आम्हीही त्यातल्याच. त्यामुळे मुलीला पहिल्या दिवशी तीन गोष्टी दाखवा: दोन्ही जिने कुठे आहेत, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) कुठल्या मजल्यावर आहे आणि तिथलं दार उघडतं का. आगीत लिफ्ट वापरायची नाही हे तिला माहीत असेल, तरी एकदा बोला. आणि सेक्रेटरींना विचारा की अग्निशमन यंत्रणेचा बी फॉर्म, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, दिला का. 2006 च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून तो दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. सेक्रेटरी चिडले तर समजा दिलेला नाही.

आता करार, कारण भांडणं सगळी इथून निघतात. चौघींची नावं करारात हवीतच. एकीच्या नावावर करार आणि बाकी तिघी "सोबत राहणाऱ्या" असं केलं की दुसऱ्या वर्षी ती एक इंटर्नशिपला गेली, तर डिपॉझिटचं काय, हा वाद तुम्हाला पुरून उरेल. आमचं नेमकं तेच झालं. मालकाने रंगकामाच्या नावाने बरेच पैसे कापले आणि उरलेले जिच्या खात्यावर द्यायचे होते ती तेव्हा बंगळुरूला. नोंदणीचा खर्च फार नसतो. 36,000 भाडं आणि 1 लाख डिपॉझिट धरलं तर 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सला (भाडेकराराला) मुद्रांक शुल्क 0.25 टक्के दराने हजार-अकराशेच्या घरात, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. ऑनलाईन होतं. मालक म्हणाले "पोरी आहेत, नोटरीवर करू" तर नम्रपणे नाही म्हणा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि तो नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचा, हे मोठ्याने वाचून घ्या. मे-जूनमध्ये पोरी घरी जातात आणि भाडं मात्र चालूच राहतं.

सोसायटीने "बॅचलर चालत नाहीत" म्हटलं तर घाबरू नका. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) मालकाने आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची गरज नाही. पण खरं सांगू का, कायदा हातात धरून जिथे शिरलात तिथे तीन वर्षं सुखाने राहता येत नाही. दुसरी सोसायटी बघा. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती रक्कम) म्हणून काही मागितलं तर ते मालकाचं देणं आहे, आणि तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तसा सरकारचा आदेश 2001 पासून आहे. मालक ते भाड्यात घुसवतात, ते घुसवू देत, पण वेगळं मागू देऊ नका.

बारीकसारीक: वरच्या मजल्यांवर मोबाईलची रेंज खालच्यापेक्षा वाईट असते, कारण मोबाईल कंपन्यांच्या टॉवरचे अँटेना खाली रोखलेले असतात. वायफायवर कॉलिंग चालू करून ठेवा. कबुतरांची जाळी मालकाकडून बसवून घ्या, नंतर नाही म्हणतात. गादी बाल्कनीला लागून असलेल्या भिंतीला लावू नका, जूनमध्ये आमच्या एका रूममेटची गादी रात्रीतून भिजली होती.

मग घ्यावा का? माझं मत: बालेवाडीचा हा घेऊ नका, पण टॉवरला नाही म्हणू नका. कॉलेज शिवाजीनगरला आहे. बाणेर रोडने विद्यापीठ चौकातून रोज जाणं म्हणजे दिवसातले दोन तास बसमध्ये. त्याऐवजी वनाझ-रामवाडी मेट्रोच्या वाटेवर, कोथरूडकडे वनाझ, आनंदनगर, नळस्टॉप अशा स्टेशनच्या चालत्या अंतरावर बघा. थेट सिव्हिल कोर्टला उतरता येतं, तिथून शिवाजीनगर पुढचंच स्टेशन. विद्यार्थ्यांना मेट्रोच्या तिकिटात 30 टक्के सवलत आहे. तिकडे 22 मजले नसतील, आठ-दहा असतील, जुनी लिफ्ट असेल, व्ह्यूमध्ये समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसेल. पण खाली वाणी असेल आणि पोरी रात्री साडेनऊला चपला घालून उतरतील.

तरीही पोरी बालेवाडीवरच अडून बसल्या (16व्या मजल्याचे फोटो बघितल्यावर बसतातच) तर एका गुरुवारी सकाळी साडेआठला फ्लॅट बघायला जा आणि एजंटला कारण सांगू नका. कराराचा मसुदा आला की नावं-पत्ता झाकून इथे टाका, मी बघून सांगते.