‘न्यूक्लिअर थ्रेट’ : धमकी की धोका?

अण्वस्त्रांविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करणाऱ्या वाचकांचा प्रश्न असा आहे, की ‘न्यूक्लिअर थ्रेट’ या शब्दप्रयोगासाठी सर्वत्र ‘अणुधोका’ लिहावे की ‘अणुहल्ल्याची धमकी’. त्याच लेखात आलेल्या ‘डिटरन्स’, ‘ब्लॅकमेल’, ‘फर्स्ट यूज’, ‘फर्स्ट स्ट्राइक’ आणि ‘ब्रिंकमनशिप’ या शब्दांचे काय करावे आणि ‘न्यूक्लिअर’साठी ‘परमाणु’ हा शब्द मराठीत चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कोणताही एक शब्द सर्वत्र चालणार नाही. इंग्रजीतला ‘थ्रेट’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोटात घेऊन वावरतो आणि मराठीने त्या दोन गोष्टींना मुळातच वेगळे ठेवलेले आहे. धमकीला देणारा लागतो आणि जिला द्यायची ती व्यक्ती वा सत्ताही लागते. धोक्याला या दोहोंपैकी कोणीच लागत नाही, तो नुसता असतो, वाढतो, टळतो. म्हणून अनुवाद करताना प्रत्येक ठिकाणी कर्ता शोधावा : कोणी, कोणाला, काय करण्याविषयी बजावले आहे? याचे उत्तर वाक्यात किंवा संदर्भात सापडले तर ‘धमकी’, नाही तर ‘धोका’. (‘धोका देणे’ याचा मराठीतला अर्थ दगा देणे असा होतो, त्यामुळे ‘अमुक देशाने अणुधोका दिला’ हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत लिहू नये, वृत्तपत्रांच्या मथळ्यांचा मात्र भरवसा देता येत नाही.)

कायद्याच्या भाषेत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 2, परिच्छेद 4 मध्ये बळाच्या वापराबरोबर ‘थ्रेट’लाही मनाई आहे, ती अर्थातच धमकीला आहे, कारण धोक्याला मनाई करता येत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 8 जुलै 1996 रोजी दिलेल्या सल्लादर्शक मताचा विषयही ‘अण्वस्त्रांचा वापर किंवा वापराची धमकी कायदेशीर आहे काय’ असा होता. ही धमकी आणि हा वापर सर्वसाधारणपणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध ठरेल, असे न्यायालयाने सात विरुद्ध सात मते पडल्यानंतर अध्यक्षांच्या निर्णायक मताने म्हटले. राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता स्वसंरक्षणासाठी काय, हा प्रश्न मात्र अनिर्णित ठेवला. 2017 साली स्वीकारलेल्या आणि 22 जानेवारी 2021 पासून अमलात आलेल्या अण्वस्त्रबंदी करारातही वापराबरोबर वापराच्या धमकीला बंदी आहे. या सर्व ठिकाणी ‘धोका’ लिहिल्यास कलमाचा अर्थच नाहीसा होतो. याउलट, राष्ट्राला कोणकोणत्या दिशेने काय होऊ शकते याचा अंदाज घेणाऱ्या संरक्षणविषयक अहवालांतील ‘थ्रेट’ हा बहुतांशी धोका असतो, कारण तिथे कोणी काही बोललेले नसते, फक्त कोणाकडे काय आहे याची मोजदाद असते.

आता ‘डिटरन्स’, म्हणजे परिणामांच्या भीतीने समोरच्याला हल्ल्यापासून परावृत्त ठेवणे. वर उल्लेखिलेल्या मतात न्यायालयाने धमकीविषयी निर्णय दिला, परंतु ‘डिटरन्सचे धोरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रथेविषयी आपण इथे मत देणार नाही, असेही नोंदवले. म्हणजे धमकी आणि डिटरन्स यांच्यात काही अंतर आहे, असे निदान कायद्याने धरलेले आहे, आणि ते अंतर अनुवादातही राखले पाहिजे. हा शब्द लॅटिनमधल्या ‘भिववून दूर ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे आणि ‘टेरर’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे; हे नाते झाकलेले असले तरी तुटलेले नाही. 1 मार्च 1955 रोजी ब्रिटिश लोकसभेत बोलताना चर्चिल यांनी सुरक्षितता हे दहशतीचे धट्टेकट्टे मूल ठरेल अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा त्यांनी हे नाते उघडच केले होते.

मराठीत ‘डिटरन्स’साठी ‘प्रतिरोध’ किंवा ‘प्रतिरोधन’ हे शब्द योजले जातात, आणि माझा त्यांना स्पष्ट विरोध आहे. प्रतिरोध म्हणजे समोरून आलेल्याला अडवणे. डिटरन्स म्हणजे समोरच्याने निघूच नये अशी व्यवस्था करणे. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच पाडण्याची यंत्रणा हा खरा प्रतिरोध होय, आणि अण्वस्त्रविषयक विचारात असा प्रतिरोध डिटरन्सला मारक मानला गेला आहे, कारण जो स्वतःला पूर्ण सुरक्षित समजतो त्याला दुसऱ्याचे भय उरत नाही. म्हणूनच अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी 1972 च्या करारात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर कडक मर्यादा घालून घेतली. प्रत्येकी दोन ठिकाणी परवानगी होती, ती 1974 साली एकावर आणली गेली, आणि 2002 साली अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. हा इतिहास सांगताना ‘डिटरन्स’ला ‘प्रतिरोध’ म्हटले, तर ‘प्रतिरोध टिकावा म्हणून प्रतिरोधावर मर्यादा घातली’ असे अगम्य वाक्य हाती येते.

त्यापेक्षा ‘धाक’ हा शब्द कितीतरी चांगला. त्याचे सामर्थ्य त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांत आहे. धाक घालणे किंवा धाक दाखवणे ही कृती आहे आणि ती धमकीच्या जवळ जाते. धाक असणे ही स्थिती आहे, तिच्यात कोणी तोंडाने काही बोलण्याची गरज नसते. न्यायालयाने जे अंतर एवढ्या सावधपणे राखले, ते मराठी दोन क्रियापदांत दाखवते. ‘धाक’ हा शब्द वडीलधाऱ्याचा मुलांवर किंवा गावगुंडाचा आळीवर असतो तसा एकतर्फी वाटतो, हा आक्षेप मला मान्य आहे, परंतु ‘परस्परांचा धाक’ असे म्हटल्याने तो बराचसा दूर होतो. ‘जरब’ शिक्षेच्या अंगाने जाते, ‘वचक’ परिणाम दाखवतो; दोन्ही शब्द वाक्य पाहून वापरता येतील. पारिभाषिक शब्दच हवा असेल, तर ‘धाकनीती’ असा समास करण्यास हरकत नसावी.

या शब्दापुढे इंग्रजीत ‘क्रेडिबल’ हे विशेषण येते, त्याचाही इथे विचार करणे भाग आहे. 4 जानेवारी 2003 रोजी भारत सरकारने आपल्या अण्वस्त्रनीतीची जी सूत्रे जाहीर केली, त्यांतले पहिलेच सूत्र ‘क्रेडिबल मिनिमम डिटरंट’ उभारणे आणि राखणे असे आहे. त्याचे ‘विश्वासार्ह किमान प्रतिरोधन’ असे भाषांतर वाचताना एखाद्या बँकेची जाहिरात वाचल्यासारखे वाटते. विश्वासार्ह मित्र असतो, विश्वासार्ह साक्षीदार असतो; शत्रूला आपला विश्वास वाटावा अशी इथे कोणाचीच अपेक्षा नाही. आपण बोलतो ते आपण करू, हे त्याला पटावे, एवढीच अपेक्षा आहे. म्हणून ‘पटेल असा किमान धाक’, किंवा अधिक औपचारिक हवे असेल तर ‘खात्रीचा किमान धाक’ असे म्हणावे.

‘न्यूक्लिअर ब्लॅकमेल’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सर्वतोमुखी झाला तो 12 मे 2025 नंतर. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात पंतप्रधानांनी कोणतेही न्यूक्लिअर ब्लॅकमेल भारत सहन करणार नाही, असे हिंदीत सांगताना हेच इंग्रजी शब्द वापरले होते. मराठी वाचकाला ‘ब्लॅकमेल’ म्हटले की एखादे गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणे आठवते. अण्वस्त्रांच्या बाबतीत गुपित असे काहीच नसते. उलट समोरच्याला ती माहीत असावीत, हीच इच्छा असते. याचा उलगडा शब्दाच्या जुन्या अर्थात होतो. सोळाव्या शतकात इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमाभागातले टोळीनायक, लूट न करण्याच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून जो कर घेत, त्याला ‘ब्लॅकमेल’ म्हणत. त्यातल्या ‘मेल’चा टपालाशी संबंध नाही, स्कॉट बोलीत त्याचा अर्थ खंड किंवा कर असा होता. मराठीतही कुळाने जमीनमालकाला ठरवून द्यायचा तो खंड, आणि बळाच्या भीतीने द्यावी लागते ती खंडणी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता जवळजवळ एकाच वाटेने शब्द घडवावेत, हे मला फार मौजेचे वाटते. गुपिताचा अर्थ इंग्रजीत नंतर चिकटला आणि आपल्याकडे तेवढाच आला.

तेव्हा भाषणाचे वृत्त देताना वक्त्याचा ‘ब्लॅकमेल’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा, परंतु विवेचन करताना ‘अण्वस्त्रांचा धाक दाखवून केलेली अडवणूक’ किंवा थेट ‘खंडणी’ असे लिहावे. यामुळे आणखी एक भेद स्पष्ट होतो. दुसऱ्याने काही करू नये म्हणून असतो तो डिटरन्स. दुसऱ्याने काही करावे म्हणून जो दबाव आणला जातो, त्यासाठी टॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1966 साली ‘कम्पेलन्स’ असा वेगळा शब्द घडवला. धाक पहिल्या प्रकारात बसतो आणि खंडणी दुसऱ्या. अर्थात, प्रत्यक्षात दोन्ही बाजू आपल्या कृतीला पहिले नाव देतात आणि समोरच्याच्या कृतीला दुसरे. अनुवादकाने मूळ लेखकाने दिलेले नाव बदलू नये.

‘फर्स्ट यूज’ आणि ‘फर्स्ट स्ट्राइक’ यांना अनेक जण एकच समजतात. ‘पहिला वापर’ म्हणजे युद्धात अण्वस्त्र आधी वापरणे, मग ते रणगाड्यांच्या तांड्यावर टाकलेले एखादे लहान अस्त्र का असेना. ‘फर्स्ट स्ट्राइक’ म्हणजे शत्रूचा अण्वस्त्रसाठाच नष्ट करण्याच्या इराद्याने घातलेला घाव, ज्यानंतर त्याला उलट वार करता येऊ नये. यासाठी ‘पहिला घाव’ हा शब्द मी सुचवीन. असा घाव सोसूनही उलट वार करण्याची जी शक्ती उरते, ती ‘दुसऱ्या घावाची क्षमता’. समुद्राखाली लपून राहणाऱ्या अरिहंतसारख्या पाणबुडीचे महत्त्व याच क्षमतेत आहे. भारताची प्रतिज्ञा पहिला वापर न करण्याची आहे आणि ती ‘पहिला घाव न घालण्या’पेक्षा पुष्कळच व्यापक आहे. तिला अपवाद नाही असे मात्र नाही. 2003 च्या त्याच निवेदनात जैविक किंवा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवलेला आहे. मराठीत रूढ झालेले ‘प्रथम वापर नाही’ हे शब्द व्याकरणाला अवघडच पडतात. ‘पहिला वापर न करण्याचे धोरण’ असे सरळ लिहिलेले बरे.

राहिला ‘ब्रिंकमनशिप’. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी 1956 च्या जानेवारीत छापून आलेल्या एका मुलाखतीत, युद्धात न शिरता त्याच्या कड्यापर्यंत जाता येणे ही आवश्यक कला आहे, असे सांगितले. त्यावर टीका करताना विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते ॲडले स्टीव्हन्सन यांनी हा शब्द वापरला आणि तो रुळला. खेळात वा राजकारणात मुरलेल्या माणसाच्या कसबासाठी इंग्रजीत जो प्रत्यय लावतात, तोच कड्याला लावून केलेला हा उपहास आहे, त्यामुळे ‘कडेलोटाचे राजकारण’ हे मराठी भाषांतर प्रथमदर्शनी फार आकर्षक वाटते. ते घेऊ नये असे माझे मत आहे. आपल्या इतिहासात कडेलोट ही शिक्षा आहे; ढकलणारा वर सुरक्षित उभा असतो आणि खाली जातो तो एकटा अपराधी. ब्रिंकमनशिपमध्ये दोघे एकाच दोराने बांधलेले असतात.

शेलिंग यांनी तर इथे कड्याची कल्पनाच सुधारून घेतली. त्यांच्या मते हा कडा तीक्ष्ण धारेचा नसून पुढेपुढे अधिक उतरत जाणारा, निसरडा उतार आहे, आणि त्यावर उभा असलेला माणूस ‘मी उडी मारीन’ असे म्हणत नाही. मी आणखी एक पाऊल पुढे टाकीन, मग कोणाचा पाय कधी घसरेल हे माझ्याही हाती राहणार नाही, असे तो म्हणतो. 27 ऑक्टोबर 1962 रोजी, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या पेचप्रसंगात, अमेरिकेचे टेहळणी विमान क्यूबावर पाडले गेले आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. तो निर्णय मॉस्कोचा नव्हता, क्यूबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो तिथल्या तिथे घेतला होता. अशा क्षणी धमकीचा कर्ता नाहीसा होतो आणि उरतो तो निव्वळ धोका. म्हणूनच या शब्दाचा अर्थ सांगताना आपल्याला दोन्ही मराठी शब्द लागतात : ब्रिंकमनशिप म्हणजे सामाईक धोका वाढवत नेण्याची धमकी. आपल्या अनुवादात पहिल्या उल्लेखाला हे स्पष्टीकरण द्यावे आणि पुढे ‘कड्यावरचे राजकारण’ असे म्हणावे.

‘परमाणु’विषयी थोडक्यात. हिंदीत अणु म्हणजे ज्याला आपण रेणू म्हणतो तो, आणि आपण ज्याला अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात. त्यामुळे हिंदी बातमीतला ‘परमाणु बम’ मराठीत ‘अणुबॉम्ब’च होतो. काटेकोरपणे पाहता ही ऊर्जा अणूच्या केंद्रकातली असल्याने ‘केंद्रकीय’ हे अधिक अचूक ठरेल, पण इंग्रजीतही ‘ॲटम बॉम्ब’ हे नाव अजून वापरात आहे आणि कोणाचे अडलेले नाही. ‘अण्वस्त्र’ हा शब्द मात्र नेमका साधला आहे : हाती धरून वापरायचे ते शस्त्र आणि फेकायचे ते अस्त्र, हा जुना भेद त्यात टिकून राहिला आहे. ‘अण्वस्त्रसज्ज’ आणि ‘अण्वस्त्रधारी’ यांत मराठीने अजून फरक ठरवलेला नाही, तो ठरवण्यासारखा आहे, कारण अण्वस्त्रप्रसारबंदी करार 1 जानेवारी 1967 पूर्वी चाचणी केलेल्या देशांनाच अधिकृतपणे अण्वस्त्रधारी मानतो. त्या हिशेबाने भारत अण्वस्त्रसज्ज आहे, पण त्या कराराच्या लेखी अण्वस्त्रधारी नाही. आपल्या लेखात ‘न्यूक्लिअर-आर्म्ड’ (अण्वस्त्रसज्ज) आणि ‘न्यूक्लिअर-वेपन स्टेट’ (अण्वस्त्रधारी) हे दोन्ही इंग्रजी शब्दप्रयोग येत असतील, तर एवढी व्यवस्था लावून घ्यावी.