उत्तर: भावाच्या रिपोर्टवर 'लिनिएज 2 (बीजिंग)' लिहिलंय, औषधं लागू पडत नाहीयेत

तुमच्या भावाला टीबी, रिपोर्टवर "रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड" (म्हणजे रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही असं काही सापडलं नाही) आणि तरी औषधं घेऊन दोन महिन्यांनी थुंकी पॉझिटिव्ह, एवढं वाचलं आणि लिहायला बसले. माझ्या नवऱ्याचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, औषध स्वतःहून बदलू-बिदलू नका.

आधी ते बीजिंग. त्याने घाबरू नका, ते टीबीच्या जंतूच्या एका घराण्याचं (लिनिएजचं) नाव, म्हणजे आडनाव आहे, आडनावावरून कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे का ते कळतं का? लॅबमधल्या प्रयोगांत या घराण्यात रेझिस्टन्स लिनिएज 4 पेक्षा लवकर तयार होताना दिसलाय, पूर्व युरोप मध्य आशियातल्या एमडीआर (रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन्ही मुख्य औषधं निकामी) केसेसमध्ये हे बरेच सापडतात, सगळं खरं. पण साध्या औषधांनी मरणारे बीजिंगही भरपूर आहेत. औषध ठरतं म्युटेशनवर, म्हणजे जंतूच्या जीनमधल्या बदलावर. आणि लिनिएज छापलंय म्हणजे बहुतेक सिक्वेन्सिंग (जंतूचा डीएनए वाचणं) झालंय, मग त्याच रिपोर्टमध्ये जीन्सचा तक्ता असायला हवा, तो मागा. (नुसतं स्पोलिगोटायपिंग, म्हणजे फक्त घराणं ओळखणारी चाचणी असेल तर तक्ता नसेल.)

आता खरं दुखणं. जीनएक्सपर्टचं (थुंकीतल्या जंतूचा डीएनए तपासणारं मशीन) नेहमीचं कार्ट्रिज आरपीओबी या रिफाम्पिसिनशी संबंधित जीनचा 81 अक्षरांचा तुकडा बघतं, बस. आयसोनियाझिडबद्दल ते अवाक्षर काढत नाही. आमच्या हॉस्पिटलने त्या एका ओळीवरून फाइलवर "सर्व औषधे सेन्सिटिव्ह" लिहून टाकलं! कल्चर (जंतू ट्यूबमध्ये वाढवून बघणं) लावलेलं, पॉझिटिव्हही आलं, पण पुढची सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडतं ती चाचणी) लावलीच नाही, का तर फॉर्मवर त्या चौकोनात खूण नव्हती. खूण करायची ओपीडीने, ओपीडी म्हणते लॅबला विचारा, लॅब म्हणते ओपीडीचं पत्र आणा, आणि पत्र मिळेपर्यंत ट्यूब फेकून दिलेली. परत थुंकी, परत कल्चर, त्याला आठवडेच लागतात. तोवर पायराझिनामाइड ठरल्याप्रमाणे बंद केलेलं, आयसोनियाझिड आधीच निकामी, म्हणजे सगळा भार रिफाम्पिसिनवर. एमडीआर असाच तर बनतो ना! रिफाम्पिसिन टिकलं हे नशीब, त्यात त्या ऑफिसचं काही कर्तृत्व नाही.

शेवटी लाइन प्रोब टेस्टमध्ये (रेझिस्टन्सची म्युटेशन्स शोधणारी डीएनए चाचणी) केटजी 315 हे म्युटेशन निघालं. ते असलं की नेहमीचा आयसोनियाझिडचा डोस जवळपास फुकट. आयएनएचए जीनमधलं म्युटेशन निघालं तर रेझिस्टन्स सहसा कमी पातळीचा, कधी मोठा डोस चालतो, पण मग इथिओनामाइड हे टीबीचं दुसरं औषध बाद, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आम्हाला रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइडसोबत लेव्होफ्लॉक्सासिन दिलं. ते सुरू करण्याआधी जायरए-जायरबी (लेव्होफ्लॉक्सासिनचा रेझिस्टन्स दाखवणारे जीन्स) तपासून घ्या असं माझं ठाम मत.

रिफाम्पिसिनचा "नॉट डिटेक्टेड"ही शंभर टक्के नसतो, आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात सापडलेलं आय491एफ म्युटेशन त्या तुकड्याच्या बाहेर असल्याने मशीनला दिसतच नाही. उलट, थुंकीत दिसणारे जंतू कधीकधी मेलेलेही असतात, म्हणून कल्चर हवंच. जंतू जिवंत आहेत की मेलेले हे जीनएक्सपर्ट परत करून कळणार नाही, ते मेलेल्या जंतूंचाही डीएनए पकडतं.

भावाच्या फाइलमध्ये आयसोनियाझिड हे नाव घालून रिझल्ट आहे का ते आजच बघा. नसेल तर कल्चरची ट्यूब ठेवली आहे का ते लॅबला लेखी विचारा, तोंडी नको.

आणि हो, लेव्होफ्लॉक्सासिन सुरू झालं तर अँटासिड, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या त्याच वेळी देऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. हे आम्हाला औषधाच्या दुकानातल्या मुलाने सांगितलं, ओपीडीत कुणी नाही.